कच्च्या वाटेचे बूट

ऑफ-रोड मोटारसायकलिंगचा बूट पावलापासून गुडघ्याच्या चार बोटे खालपर्यंत पाय झाकतो. त्याचा तळ टणक असतो आणि तो नाडीऐवजी बकलांनी आवळायचा असतो. घोटा पिळवटू न देणे, पाऊल चिरडू न देणे आणि नडगीला मार लागू न देणे ही त्याची तीन कामे. दिसायला तो अवजड, चालायला अडचणीचा आणि किमतीला जड. तरीही डांबर सोडून शेतरस्त्याला, माळाला किंवा नदीच्या पात्रात गाडी घालणाऱ्याने हेल्मेटनंतर पहिला खर्च या बुटावरच करावा. हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे आणि त्यावर आयएसआय चिन्ह असते. दुचाकीस्वाराने पायात काय घालावे याची अशी सक्ती नाही, त्यामुळे बुटाची पारख ज्याची त्यालाच करावी लागते.

सडकेवर गाडी चालताना पाय फूटरेस्टवर असतो आणि सिग्नलला किंवा थांब्यालाच खाली येतो. कच्च्या वाटेवर तसे होत नाही. चाक घसरले, वळण अरुंद निघाले, पुढचे चाक खड्ड्यात गेले की तोल सावरायला पाय आपोआप खाली जातो. गाडी चालू, पाय जमिनीवर, आणि जमीन कशी आहे ते टेकल्यावरच कळणार. पायाच्या किती तरी दुखापतींची सुरुवात याच क्षणी होते.

निलंगा तालुक्यातली जमीन पाहिली म्हणजे हे चांगले समजते. लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यातून मांजरा आणि तेरणा या नद्या वाहतात आणि त्यांच्या काठची जमीन काळी, खोल आहे. या मातीतले चिकण खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. म्हणून मृगाचा पाऊस झाला की शेतरस्त्याचा गारा चाकाला लगडतो, मडगार्ड आणि टायरच्या मधली जागा भरून टाकतो आणि चाक फिरायचेच थांबते. तीच माती उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते आणि जागोजागी भेगाळते. पावसाळ्यात बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या तशाच्या तशा वाळून राहतात. कुठे टीचभर, कुठे हातभर खोल.

अशा वाळलेल्या चाकोरीत मोटारसायकलचे पुढचे चाक शिरले की हँडल वळत नाही. चाकोरी नेईल तिकडे गाडी जाते. चालवणारा तोल सांभाळायला डावा पाय खाली घालतो. पाऊल चाकोरीच्या काठावर पडते, काठाचे ढेकूळ फुटते आणि टाच आत सरकून अडकते. गाडी मात्र पुढे निघालेली असते. मांडी गाडीबरोबर पुढे जाते, पाऊल मागे राहते आणि दोघांमधला सगळा पीळ घोट्यावर येतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे होऊन जाते. गाडीचा वेग त्या वेळी सायकलीइतकाही नसेल. जोरात चालवणाऱ्यालाच बूट लागतात हा समज इथे खोटा ठरतो. कच्च्या वाटेवरचे पडणे बहुतेकदा हळू असते, पण पडताना पाय गाडीखाली सापडतो.

जमिनीचे आणखी दोन धोके तळव्याला आहेत. तुरीची कापणी झाल्यावर शेतात उरलेली धसकटे विळ्याने तिरपी कापलेली असतात आणि वाळल्यावर खिळ्यासारखी उभी राहतात. बांधावरच्या बाभळीचा काटा चपलेचा तळ सहज पार करतो. माळाकडे गेले तर मुरूम आणि त्यातून डोके काढलेला बेसाल्ट खडक. तिथे पाय रुतत नाही, पण घसरतो आणि पडले की दगड थेट नडगीवर बसतो. सीमेपलीकडे बिदरच्या पठारावर जांभा खडक आणि तांबडी माती लागते. एका सकाळच्या फेरीत अशा तीन प्रकारच्या जमिनी पायाखालून जाऊ शकतात.

घोट्याची रचना समजून घेतली की बुटाची रचना समजायला सोपी जाते. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड या दोघांची खालची टोके म्हणजे घोट्याचे दोन उंचवटे. या दोन टोकांच्या बेचक्यात पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. वर-खाली हलण्यासाठी हा सांधा उत्तम आहे. बाजूला वळण्यासाठी मात्र तो केलेलाच नाही. बाजूचा भार अस्थिबंध पेलतात. आतल्या बाजूचा बंध रुंद आणि चिवट असतो, बाहेरच्या बाजूचे तीन बंध मानाने अशक्त. म्हणूनच पाऊल आत मुडपून बाहेरचा बंध ताणणे किंवा तुटणे ही घोट्याची नेहमीची दुखापत. पीळ जास्त असला तर बारीक हाडाचे टोक मोडते. चांगला ऑफ-रोड बूट या सांध्याला पुढे-मागे हलू देतो आणि आजूबाजूला वळू देत नाही. बूट निवडताना इतर सगळ्या गोष्टींची तुलना या एका गुणापुढे ठेवून करावी.

घरात जे आधीपासून असते त्याचा विचार या कसोटीवर करता येतो. चपलेबद्दल बोलायलाच नको. पहिल्या धक्क्याला ती पायातून निघून जाते आणि पाऊल उघडे पडते. स्पोर्ट्स शूज मऊ असतात, हाताने दुमडतात, आणि घोट्याच्या खालीच संपतात. पावसाळ्यात शेतात वापरायचा गमबूट चिखलापासून पाय वाचवतो, पण त्याचे रबर पिळाला अडवत नाही. उलट गाऱ्यात रुतला तर पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो. पोलीस आणि सैनिक वापरतात तसले चामडी बूट यापेक्षा बरे. ते घोटा झाकतात, नाडीने घट्ट बसतात आणि पंज्याला ओरखड्यांपासून वाचवतात. पण त्यांची नळी मऊ असते आणि नडगी उघडी राहते. कारखान्यातल्या सेफ्टी शूजच्या चवड्यावर पोलादी टोपी असते. भारतीय मानकाप्रमाणे ती २०० जूलचा आघात पेलते. वरून वजन पडण्याच्या धोक्यासाठी ती चोख आहे, घोट्याच्या पिळासाठी तिचा काही उपयोग नाही. शिवाय जाड टोपी गिअरच्या लिव्हरखाली नीट जात नाही. ज्याला आज नवा बूट परवडत नाही त्याने चपलेऐवजी घोट्याच्या वर जाणारा चामडी बूट घालावा. फरक मोठा पडतो. फक्त त्याला ऑफ-रोड बूट समजून वेग वाढवू नये.

आजचा बूट ज्या स्वरूपात दिसतो ते घडले इटलीच्या उत्तर भागात. व्हेनेटो प्रांतात आसोलो, मासेर आणि माँतेबेल्लूना ही गावे एकमेकांच्या जवळ आहेत आणि आल्प्सच्या पायथ्याशी असल्यामुळे गिर्यारोहणाचे आणि बर्फावर घसरण्याच्या खेळाचे बूट करणारे चर्मकार तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. १९६० च्या दशकात युरोपात मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या मैदानावरच्या मोटारसायकल शर्यतींच्या, स्पर्धा वाढल्या आणि याच कारागिरांपैकी काहींनी त्या खेळाडूंसाठी बूट शिवायला घेतले. दिनो सिन्योरी यांनी १९६० मध्ये सिदी, एर्नेस्तो गात्सोला यांनी १९६२ मध्ये गाएर्ने आणि सान्ते मात्सारोलो यांनी १९६३ मध्ये अल्पाइनस्टार्स या कंपन्या सुरू केल्या. अल्पाइनस्टार्स हे नाव आल्प्समधल्या एका पांढऱ्या रानफुलाच्या इटालियन नावावरून घेतले आहे. सुरुवातीचे बूट जाड चामड्याचे होते आणि संरक्षणाचा भर चामड्याच्या जाडीवर आणि धातूच्या पट्ट्यांवर होता. पुढे साच्यात ओतलेले प्लास्टिक आले आणि बूट एकाच वेळी हलका, टणक आणि ठरावीक दिशेनेच वाकणारा करणे जमले. त्या कारखान्यांनी बसवलेले नमुने आज जगभर पाहिले जातात.

भारतात या बुटांची गरज वाढली ती कच्च्या वाटेला चालतील अशा आवाक्यातल्या गाड्या आल्यावर. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये, हीरोची एक्सपल्स २०१९ मध्ये आणि पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये बाजारात आली. स्पर्धांनीही या खेळाकडे लक्ष वेधले. बंगळुरूचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण केली. ही रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. केरळचे हारिथ नोआ २०२४ मध्ये त्याच रॅलीत आपल्या वर्गात पहिले आले. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली आणि मातीच्या उंचवट्यांवरून उडणाऱ्या गाड्या मराठी प्रेक्षकांनी मैदानात बसून पाहिल्या. अशा स्पर्धांत पुरेशा संरक्षणाचे बूट घातल्याशिवाय खेळाडूला धावपट्टीवर उतरता येत नाही.

बूट हातात घेतल्यावर तो तळापासून वर वाचत जावा. तळाच्या आत टाचेपासून चवड्यापर्यंत पोलादाची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असते. उभे राहून गाडी चालवताना शरीराचे सगळे वजन फूटरेस्टच्या अरुंद पट्टीवर येते. ही पट्टी नसेल तर तासाभरात तळवा दुखू लागतो आणि खड्ड्यातून गाडी उडून खाली आपटली की कमानीची हाडे दबतात. चवड्याला कडक कवच असते. दगड, झुडपाचा खुंट किंवा दुसऱ्या गाडीचे चाक यांचा पहिला मार तिथेच बसतो. टाचेच्या मागे वाटीसारखे कवच टाच जागेवर धरून ठेवते. घोट्याच्या दोन्ही अंगांना टणक तबकड्या असतात. महागड्या बुटांत त्यांच्या जागी दाराच्या बिजागरीसारखा सांधा असतो. त्याने पाऊल वर-खाली होते, बाजूला होत नाही, आणि फार पुढे किंवा मागेही दुमडत नाही. नडगीवर साच्यातले प्लास्टिकचे कवच. आतल्या बाजूला, जिथे पाय इंजिनाला आणि सायलेन्सरला घासतो, तिथे प्लास्टिक नसून जाड चामडे किंवा रबर असते, कारण प्लास्टिक तापून वितळते आणि गुळगुळीत असल्याने गाडीला पकड मिळत नाही. गुडघ्यांनी आणि पोटऱ्यांनी टाकी व चेसिस दाबून धरणे हे कच्च्या वाटेवर गाडी ताब्यात ठेवण्याचे मुख्य तंत्र आहे, त्यामुळे या भागाकडे दुर्लक्ष करू नये.

बकलांची संख्या बहुधा तीन किंवा चार. ती धातूची असोत की प्लास्टिकची, दोन गोष्टी पाहाव्यात: चिखलाचे हात असताना ती एका बोटाने उघडतात का, आणि एखादे तुटले तर सुटे मिळून स्क्रूने बसवता येते का. निलंग्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. सुटा भाग पुण्याहून किंवा हैदराबादहून कुरिअरने येईल, पण तो विकलाच जात नसेल तर एका बकलापायी अख्खा जोड वाया जातो. हाच विचार तळाला लागू. शिलाई मारून बसवलेला तळ झिजल्यावर बदलता येतो. साच्यातच चिकटवलेला तळ बहुधा बदलता येत नाही.

बुटांचे दोन मुख्य प्रकार बाजारात आढळतात आणि त्यांच्यात गोंधळ केला की पैसे फुकट जातात. मोटोक्रॉसचा बूट सर्वांत टणक. एका जोडाचे वजन चार किलोंच्या आसपास जाते, तळ जवळजवळ सपाट असतो, आणि त्यात चालणे म्हणजे पाय उचलून टाकणे. उड्या मारण्याचा सराव करणाऱ्याला, मैदानात फेऱ्या घेणाऱ्याला तोच हवा. त्याचाच एन्ड्युरो नावाचा भाऊ थोडा वेगळा. कवच तेवढेच, पण तळाला खाचा असतात, कारण एन्ड्युरोत गाडी ढकलत चढ चढावा लागतो. दुसरा प्रकार ॲडव्हेंचर बुटाचा. याची नळी किंचित बुटकी, घोटा थोडा मोकळा, तळ ट्रॅक्टरच्या टायरसारखा खोल खाचांचा. त्यात चालता येते, पेट्रोल पंपावर उतरून चहा घेता येतो, दिवसभर पायात ठेवता येतो. संरक्षण मोटोक्रॉसपेक्षा कमी, पण चांगल्या कंपनीच्या बुटात घोटा आणि नडगी दोन्ही झाकलेली असतात. टूरिंगचा म्हणून विकला जाणारा घोट्यापर्यंतचा बूट या दोघांतही मोडत नाही. तो सडकेसाठी आहे.

निलंग्याहून निघून सुमारे ५० किलोमीटरवरच्या लातूरला सडकेने जाणारा आणि आठवड्यातून एकदा नदीकाठच्या वाटांना गाडी घालणारा बहुतेक स्वार ॲडव्हेंचर बुटाचा गिऱ्हाईक आहे. मोटोक्रॉसचा बूट घेतला तर तो पहिले चार दिवस घालतो, नंतर गावात जायचे आहे म्हणून घरी ठेवतो, आणि ज्या दिवशी पडतो त्या दिवशी पायात चप्पल असते. रोज घातला जाणारा मध्यम बूट कपाटातल्या उत्तम बुटापेक्षा जास्त हाडे वाचवतो. ज्याची गाडी वजनाने जड आहे त्याने मात्र ॲडव्हेंचर बुटातलाही सर्वांत टणक निवडावा. एक्सपल्स २०० साधारण १६० किलोंची, हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोंची. गाडीखाली सापडलेल्या पायाला हा फरक कळतो.

दुकानदाराचे बोलणे बाजूला ठेवून बुटाचा टणकपणा ताडायचा एक छापील मार्ग आहे. तो म्हणजे युरोपचे ईएन १३६३४ हे मानक. मोटारसायकलस्वाराच्या पादत्राणांसाठी केलेल्या या मानकाची २०१७ ची आवृत्ती सध्याच्या बऱ्याच बुटांवर दिसते. नळीच्या आत किंवा जिभेवर शिवलेल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र असते आणि त्याच्याखाली चार आकडे. प्रत्येक आकडा १ किंवा २. पहिला आकडा नळीच्या उंचीचा. दुसरा घासला जाण्यापुढे टिकण्याचा: खरखरीत, वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर बुटाचा तुकडा दाबून धरतात आणि किती सेकंदांत भोक पडते ते मोजतात. जास्त धोक्याच्या भागाला पहिल्या पातळीसाठी ५ आणि दुसऱ्या पातळीसाठी १२ सेकंद टिकावे लागते. तिसरा आकडा धारदार वस्तूच्या आघाताचा. चौथा आडव्या दाबाचा, म्हणजे पंज्याच्या रुंदीवर दोन्ही बाजूंनी दाब दिल्यावर बूट किती चेपतो याचा. पहिल्या पातळीचा बूट १ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतका दाब सोसतो. दुसऱ्या पातळीचा दीडपट.

कच्च्या वाटेच्या स्वाराने हे चार आकडे उलट्या क्रमाने वाचावेत. डांबरावर वेगात घसरणाऱ्याला दुसरा आकडा जीव की प्राण. शेतरस्त्यावर गाडी पायावर पडते, म्हणून चौथा आकडा २ असलेला बूट आधी पाहावा आणि मग उंचीचा. त्याच पट्टीवर काही अक्षरे असू शकतात. आयपीए असेल तर घोट्यावरच्या आघाताची आणि आयपीएस असेल तर नडगीवरच्या आघाताची चाचणी झाली आहे. डब्ल्यूआर म्हणजे पाणी रोखण्याची, एफओ म्हणजे तळ पेट्रोल-ऑइलने खराब न होण्याची. ही अक्षरे ऐच्छिक आहेत, म्हणजे उत्पादकाने ती चाचणी करून घेतली तरच छापलेली असतात. बुटावर नुसते ‘प्रोटेक्शन’ लिहिलेले आणि पट्टीच नसेल, तर किंमत कितीही असो, तो बूट तपासलेला आहे असे धरू नये. पिळाची स्वतंत्र चाचणी मात्र या आकड्यांत नाही. ती हातानेच करावी लागते. एका हाताने नळी आणि दुसऱ्या हाताने चवडा धरून ओला टॉवेल पिळतात तसा बूट पिळून पाहावा. कापडी बूट पिळला जातो. चांगला बूट हातांना दाद देत नाही.

मापाचा प्रश्न सर्वांत किचकट, कारण या भागात बहुतेकांना बूट न घालताच मागवावा लागतो. पाय संध्याकाळी मोजावा. दिवसभरात तो थोडा सुजतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटाजवळ खूण करावी आणि दोन्ही पाय मोजावेत, कारण ते सहसा सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. युरोपीय मापात एक अंक म्हणजे दोन-तृतीयांश सेंटिमीटर. पावलाच्या लांबीत साधारण दीड ते दोन सेंटिमीटर मिळवून बेरजेला दीडने गुणले की अंदाजी माप मिळते. २६ सेंटिमीटरच्या पायाला ४१ ते ४२. हा फक्त अंदाज आहे. प्रत्येक कंपनी आपला तक्ता देते आणि तोच पाहावा. इटालियन बूट अरुंद पंज्यावर बेतलेले असतात असा अनेकांचा अनुभव आहे, आणि लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वाढलेले पाय पंज्याकडे रुंद असतात. लांबी बरोबर आणि करंगळी चेपते असे झाले तर एक माप मोठा घेण्याऐवजी रुंद साच्याची दुसरी कंपनी शोधावी. लांब बुटात टाच उचलली जाते आणि घोट्याचे कवच घोट्यावर न राहता त्याच्या खाली-वर सरकते.

दुकानात जायला मिळाले तर गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे आणि गुडघ्याचे पॅड वापरत असल्यास तेही बरोबर न्यावेत. दोन्ही बूट घालून खालून वर अशा क्रमाने बकले लावावीत. पायरीच्या काठावर फूटरेस्टसारखे उभे राहून गुडघे वाकवावेत. बोटे पुढे टेकू नयेत, टाच उचलू नये, नळीची कड गुडघ्यामागे टोचू नये. पोटरी बारीक असलेल्यांची अडचण अशी की शेवटचे बकल पूर्ण आवळूनही नळी सैल राहते आणि खडे आत जातात. अनेक स्त्रियांच्या बाबतीत याच्या उलट होते. पुरुषांच्या साच्यातल्या बुटाची नळी पोटरीला आवळते. काही कंपन्या स्त्रियांसाठी वेगळा साचा करतात, तो मागून घ्यावा. मुलांसाठी ‘वाढता पाय’ म्हणून दोन अंक मोठा बूट घेण्याची आपली जुनी सवय इथे धोक्याची आहे. सैल बुटात पाय आतल्या आत पिळला जातो आणि मुलांच्या हाडांची वाढीची टोके अजून कोवळी असतात.

पाणी रोखणाऱ्या अस्तराचा मोह या हवेत आवरलेला बरा. असे अस्तर थंड प्रदेशात, दिवसभर रिमझिम असते तिथे उपयोगी. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि अस्तराच्या बुटात पाय घामाने भिजतो. पावसाळ्यात ओढा पार करताना पाणी नळीच्या वरून आत येते आणि तेच अस्तर ते पाणी बाहेर जाऊ देत नाही; पुढचे तीन तास पाय पाण्यात. साधा, अस्तर नसलेला बूट भिजतो तसा निथळतोही. त्याच्याबरोबर सुती मोज्याऐवजी लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा घालावा, कारण सूत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. हिमालयात जायचा बेत असेल तरच अस्तराचा विचार करावा.

बूट घरी आल्यावर गाडीतही थोडा बदल करावा लागतो. भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींचे गिअर डाव्या पायाशी आणि मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. जाड चवडा गिअर लिव्हरखाली शिरत नसेल तर लिव्हर तिच्या दातेरी दांड्यावरून काढून एक-दोन दाते वर बसवावी. कोणताही मेकॅनिक पाच मिनिटांत करतो. ब्रेक पेडलही तसेच जुळवावे, नाहीतर पाय नुसता ठेवला तरी ब्रेक लागत राहतो. टणक तळातून गिअर पडल्याची जाणीव सुरुवातीला होत नाही. म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात सराव करावा आणि बूट घरात घालून रोज अर्धा तास वावरावे. नवा बूट चार-सहा फेऱ्यांनंतर घोट्याजवळ सैलावतो. त्याआधी चावतो म्हणून परत करण्याची घाई नको. पण हाडावर एकाच जागी टोचत असेल तर ते सवयीने जात नाही.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत असावी. घोटा घट्ट धरला की पीळ नाहीसा होत नाही, त्यातला काही भाग वर गुडघ्याकडे जातो. अतिशय टणक बूट आणि गुडघ्याला काहीच नाही, ही जोडी उड्या मारणाऱ्यांसाठी अर्धवट आहे. त्यांनी गुडघ्याच्या पॅडचा किंवा ब्रेसचा खर्च बुटाबरोबरच धरावा. शेतरस्त्यापुरते जाणाऱ्याला ॲडव्हेंचर बूट आणि साधे पॅड पुरतात. किमती दहा हजारांच्या आसपास सुरू होऊन पन्नास हजारांच्या पुढे जातात. पैसे मोजकेच असतील तर बिजागरी, रंग आणि नाव सोडून द्यावे. चौथा आकडा, तळातली पट्टी आणि सुट्या भागांची उपलब्धता सोडू नये.

जुना बूट घेताना बकले हलवून पाहावीत, तळाची कड अंगठ्याने ओढून पाहावी आणि कवचावर पांढुरक्या रेषा आहेत का ते उजेडात तपासावे. प्लास्टिक एकदा फार वाकले की त्या जागी पांढरे पडते आणि पुढच्या वेळी तिथेच तडकते. वर्षानुवर्षे खोक्यात पडलेला ‘न वापरलेला’ बूटही फसवा असतो. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत पडल्यापडल्या कुजतो आणि पायात घातल्यावर बिस्किटासारखा तुटतो.

काळा गारा बुटावर वाळू देऊ नये. आकसताना तो शिलाई ओढतो आणि बकलांच्या फटीत दगडासारखा बसतो. त्याच दिवशी साध्या पाण्याने, जुन्या दातघासणीने धुवावा. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने पुसू नये, रबर आणि गोंद दोन्ही सुटतात. उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सुकवावा आणि बोळे संध्याकाळी बदलावेत. चामड्याच्या भागाला महिन्यातून एकदा पॉलिश किंवा मेण. जोरात पडल्यावर बूट बाहेरून धड दिसला तरी आतून हात घालून घोट्याची तबकडी आणि टाचेची वाटी चाचपावी. ती हलत असेल, तडकली असेल किंवा नळी पिळल्यावर पूर्वीसारखा अडथळा लागत नसेल, तर तो बूट शेतात गाळ तुडवायला ठेवावा आणि गाडीसाठी दुसरा घ्यावा.